गडगडाट ऐकला की औत सोडा

(मृगाच्या पेरणीआधी झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो आणि आज मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलेल्या लेकरांनो,

बैठकीच्या कागदावर विषय लिहिला आहे 'वीज'. तो वाचून बऱ्याच जणांना वाटले असेल की आज पंपाचे बिल, जळालेला डीपी आणि रात्रीची लाईन यांवर बोलणे होणार. त्या विजेवर आपण दर बैठकीत बोलतो. ती मागूनही वेळेवर येत नाही. आज बोलायचे आहे ते न मागता येणाऱ्या विजेवर. आभाळातल्या.

कोणी म्हणेल, कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, विम्याचे पैसे एवढे प्रश्न पडले असताना हे शाळेतले विज्ञान इथे कशाला? त्याचे उत्तर सरकारच्याच आकड्यांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० माणसे गेली. पूर, उष्णतेची लाट, थंडी, दरडी सगळे त्यात आले. त्यांतली २,८८७ माणसे एकट्या विजेने गेली. शंभरातली पस्तीस-छत्तीस. आणि ही माणसे कोण? ती मुंबईच्या कचेरीत बसलेली नव्हती. खुरपणीच्या पातीवर, औतामागे, शेळ्यांमागे, कापसाच्या बोंडावर हात असलेली ही माणसे. म्हणजे तुम्ही-आम्ही, आणि आपली लेकरे.

लातूरकरांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे माळवदाखाली गेली. सगळा देश धावला, नवी गावे वसली, घर कसे बांधावे याचे नियम झाले. वीज तसे करत नाही. ती आज मुखेडच्या एका शिवारात एक घर बसवते, परवा अहमदपूरच्या शिवारात दुसरे. एकेक करून जाणाऱ्यांसाठी मंत्री येत नाहीत आणि नियमही होत नाहीत. वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि विषय संपतो. म्हणून हा नियम आपणच करायचा आहे, आपल्या गावात, आपल्या शेतावर.

आता लेकरांनो, वीज तयार कशी होते ते ऐका. मोठ्यांनीही ऐकावे. ज्याला कारण कळते त्याला नियम पाठ करावा लागत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत आपली काळी जमीन तव्यासारखी तापते. जमिनीलगतची हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. त्याच दिवसांत समुद्रावरची ओली हवा आपल्याकडे शिरायला लागते. ही ओली, गरम हवा वर गेली की थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात आणि ढग बनतो. दुपारी तीन-चारच्या सुमारास फुलकोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जाणारा पांढरा ढग तुम्ही पाहिला आहे. तो बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. एव्हरेस्टच्या दीडपट. वर गेल्यावर त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरतो. ऐरण दिसली की समजावे, आत भट्टी पेटली आहे.

आत काय चालते? वरच्या भागात पाणी गोठलेले असते. हलके बर्फाचे कण वाऱ्याबरोबर वर जात असतात, जड गारगोळे खाली येत असतात. दोघांची टक्कर होते. हिवाळ्यात अंधारात घोंगडी झटकली की चट्‌चट् आवाज येतो आणि ठिणग्या दिसतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. तोच प्रकार ढगात कोट्यवधी कणांमध्ये चालतो. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन खाली साठतात. ढगाच्या बुडाशी एवढा ऋण भार जमला की खालच्या जमिनीवर धन भार ओढला जातो. मधली हवा वीज वाहू देत नाही. पण ताण हद्दीबाहेर गेला की हवेलाही फाटावे लागते.

मग ढगातून एक वाट खाली यायला लागते. सरळ येत नाही, पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, चाचपडत, फांद्या फोडत येते. ती जमिनीजवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंमधून दुसरी वाट तिला भेटायला वर निघते. झाडातून, खांबातून, देवळाच्या कळसातून, आणि मोकळ्या रानात उभ्या असलेल्या माणसातूनही. दोन्ही वाटा जुळल्या की लख्खकन उजेड पडतो. सपाट कापसाच्या रानात सगळ्यात उंच कोण असते? कापूस कंबरेएवढा, माणूस पाच-साडेपाच फुटांचा. इथेच सगळे गणित आले.

त्या क्षणी त्या बोटभर जाड वाटेतली हवा तीस हजार अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. एवढी तापलेली हवा फटाक्यासारखी फुटते. तोच गडगडाट. म्हणजे वीज आणि गडगडाट ही दोन संकटे नव्हेत. गडगडाट हा विजेचा आवाज. उजेड तत्काळ दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. लेकरांनो, हे पक्के लक्षात ठेवा. वीज चमकली की मोजायला लागा: एक, दोन, तीन. तीन मोजेपर्यंत आवाज आला तर वीज एक किलोमीटरवर. पंधरावर आला तर पाच. तिसावर आला तर दहा.

दहा किलोमीटर ऐकून हायसे वाटून घेऊ नका. वीज ढगाच्या बुडाखालीच पडते असा करार झालेला नाही. ती ढगापासून आठ-दहा किलोमीटर लांब, डोक्यावर ऊन असतानाही पडू शकते. पाऊस सुरू होण्याआधी पडते, थांबल्यावरही पडते. आपली माणसे पावसाची वाट पाहत थांबतात: 'अजून थेंब नाही, एवढी पात उरकू.' तेवढ्या पातीत जीव जातो. म्हणून नियम सोपा ठेवायचा. गडगडाट कानावर आला की आपण विजेच्या टप्प्यात आहोत. काम सोडायचे आणि पक्क्या घरात जायचे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचे नाही.

आता ती मारते कशी, ते पाहू. थेट डोक्यावर वीज पडून मरणारे थोडे असतात. जास्त माणसे दुसऱ्या मार्गांनी जातात.

एक मार्ग झाडाचा. वीज लिंबावर किंवा आंब्यावर पडते, खोडातून उतरते. ओल्या खोडापेक्षा शेजारच्या माणसाच्या अंगातली वाट तिला सोपी वाटते आणि ती उडी मारते. पावसापासून वाचायला जी सावली धरली तीच घात करते. दुसरा मार्ग स्पर्शाचा. तारेचे कुंपण, विहिरीवरची मोटार, स्टार्टरची पेटी, तुषारचे पाईप, नळ. वीज लांब पडते आणि लोखंडातून हातापर्यंत येते.

तिसरा मार्ग जमिनीचा, आणि हाच सगळ्यात जास्त जीव घेतो. जमिनीवर पडलेली वीज तळ्यातल्या लाटेसारखी चारी बाजूंना पसरते. माणसाचा एक पाय लाटेच्या जवळ, दुसरा लांब असेल तर ती एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. पायांतले अंतर जेवढे जास्त, तेवढा धक्का मोठा. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय चार-पाच फुटांवर असतात, आणि मधल्या वाटेवर त्याचे काळीज. म्हणून झाडाखालची बैलजोडी जाते, कळपच्या कळप जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वे देशाच्या एका पठारावर ३२३ रेनडियर एका ठिकाणी मरून पडले होते. मे २०२१ मध्ये आसामात नगाव जिल्ह्याच्या डोंगरावर १८ हत्ती गेले, तेही विजेनेच. हत्तीचे बळ तिथे कामाला आले नाही, तिथे आपल्या शेळीची काय कथा!

इथे पायाळूचा विषय काढलाच पाहिजे. पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आभाळ भरून आले की पायाळू पोराला घरात कोंडतात. घरात ठेवले हे चांगलेच झाले! पण त्याच घरातले बाकीचे तीन भाऊ 'आपण काही पायाळू नाही' म्हणून लिंबाखाली उभे राहतात. नुकसान इथे आहे. वीज जन्माची चिठ्ठी वाचत नाही. ती उंची पाहते, मोकळेपणा पाहते. आभाळ गर्जू लागले की गावातले प्रत्येक लेकरू पायाळूच समजावे आणि घरात घ्यावे, एवढाच त्या समजुतीचा उपयोग.

दुसरी समजूत याहून वाईट. वीज पडली म्हणजे घरात काही पाप घडले असणार. ज्या बाईचा कुंकवाचा धनी गेला, तिच्याकडे गाव तिरक्या नजरेने पाहते. मायबहिणींनो, ढगातल्या बर्फाच्या टकरीला कुणाच्या पापपुण्याचा हिशोब ठाऊक नाही. असे बोलणाऱ्याचे तोंड तिथल्या तिथे बंद करा.

तिसरी समजूत, एकदा पडली तिथे पुन्हा पडत नाही. पडते. उंच मनोरे वर्षातून अनेकदा वीज झेलतात. आणि खिशातला मोबाईल वीज ओढतो, हेही खरे नाही. भिंतीच्या खटक्याला तारेने जोडून चार्जिंगवर लावलेला मोबाईल मात्र त्या वेळी कानाला लावू नये.

मग करायचे काय? सुरक्षित जागा दोनच. पहिली म्हणजे स्लॅबचे, चारी बाजूंनी बंद, वायरिंग-नळ असलेले पक्के घर किंवा शाळा. आत गेल्यावर नळाला, खिडकीच्या गजाला, भिंतीच्या खटक्यांना हात लावू नका, त्या वेळी अंघोळ करू नका. दुसरी म्हणजे पत्र्याच्या टपाची बंद गाडी: एसटी, जीप, कार. काचा वर करून आत बसावे. टपावर पडलेली वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत उतरते. उघडा ट्रॅक्टर, बैलगाडी, मोटारसायकल, सायकल यांत हे संरक्षण नाही. त्यांवरून उतरायचे.

आपली अडचण अशी की आखाड्यावर पक्के घर नसते. चार खांबांवरचे उघडे पत्र्याचे शेड सुरक्षित नाही. कुडाची खोप सुरक्षित नाही. मातीच्या घरात बसावे लागलेच तर मधोमध, भिंतीला न टेकता, पाय जवळ घेऊन बसावे. रानात सापडलात आणि जवळ काहीच नसेल तर झाडापासून, खांबापासून, कुंपणापासून लांब, सखल जागी जा. पण ओढ्याच्या पाण्यात किंवा तळ्याच्या काठी नको. खांद्यावरचे खोरे, पहार, लोखंडी दांड्याची छत्री बाजूला ठेवा. दोन्ही पाय जुळवून, टाचेला टाच लावून उकिडवे बसा, डोके गुडघ्यांकडे वाकवा, कानांवर हात ठेवा. आडवे पडू नका. आडवे पडलात की डोक्यापासून पायापर्यंत जमिनीतली वीज घ्यायला तुम्ही जनावरासारखे झालात. दहा जण असाल तर घोळका करू नका, अंतर ठेवून बसा, म्हणजे एकाला लागले तर दुसरा वाचवायला उरतो. एवढे करूनही ही जागा सुरक्षित होत नाही, धोका थोडा कमी होतो इतकेच. खरा उपाय वेळेवर निघणे हाच.

समजा वीज लागलीच. माणूस निपचित पडला. गाव भोवती उभे राहते आणि हात लावत नाही, कारण 'अंगात करंट आहे'. हे साफ खोटे. विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याचे काळीज थांबलेले असते, श्वास थांबलेला असतो, आणि पहिल्या काही मिनिटांत तो परत येऊ शकतो. वीज लागलेली सगळीच माणसे मरत नाहीत. दहांतली नऊ वाचतात, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणून १०८ ला फोन लावा आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबा. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. लहान लेकराला एका हाताने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. गाडी येईपर्यंत थांबू नका. देशात काही ठिकाणी अशा माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरून ठेवतात. त्यात जी मिनिटे जातात, ती त्याचा जीव घेऊन जातात.

आता संघटनेच्या कार्यकर्त्यांसाठी हक्काची बाजू. वीज पडून मृत्यू झाला तर वारसाला शासनाकडून ४ लाख रुपये मिळतात. त्यासाठी शवविच्छेदन आणि तलाठ्याचा पंचनामा लागतो. दुःखाच्या भरात घाईने अंत्यविधी होतो, कागद राहतो आणि पुढे घर वर्षभर तहसीलच्या पायऱ्या झिजवते. कार्यकर्त्याने पहिल्याच तासात हे पाहिले पाहिजे. याशिवाय २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख आहेत, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पण ती सातबारा असणाऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला, वय १० ते ७५. म्हणजे शेतमजूर बाई त्यात नाही आणि आठ वर्षांचा गुराखी पोरगाही नाही. जनावरांसाठी २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत दुधाळ जनावराला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० धरले होते. ३२ हजारांत बैल कोणत्या बाजारात मिळतो, ते हळीच्या किंवा माळेगावच्या यात्रेत विचारावे! हा प्रश्न आपण लावून धरूच. पण ४ लाख मिळवून देणे हा विजय नव्हे. माणूस घरी परत येणे हा विजय.

आणि तो परत का येत नाही, याचाही हिशोब मांडू. ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी रानात असते. वेचलेला कापूस बांधावर असतो. भिजला की भाव पडतो. आधीच भाव नाही, त्यात भिजलेला. म्हणून आभाळ कडाडत असताना बाप ताडपत्री घेऊन धावतो, मागून पोरगा टोक धरायला धावतो. हा अडाणीपणा नाही, ही नड आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत उभे पीक डोळ्यांदेखत झोपलेले ज्याने पाहिले, त्याला 'घरात बस' म्हणणे सोपे नाही. म्हणून ताडपत्री सकाळीच गंजीजवळ, दगडांसह ठेवायची. दुपारी ऐरण दिसली की गडगडाटाआधी झाकायचे. गडगडाट झाल्यावर गंजी देवाच्या हवाली.

एक बोचरे बोलतो, राग मानू नका. आपण सरकारकडे न्याय मागतो. पण आपल्या रानात खुरपायला आलेल्या बायांना आपण काय म्हणतो? 'एवढ्या दोन पाती उरका, मग जा.' त्या आपल्या मर्जीने थांबत नाहीत, रोज बुडेल या भीतीने थांबतात. म्हणून या बैठकीत ठराव करायचा आहे: गडगडाट झाला की मजूर घरी, आणि रोज पूर्ण. तो पैसा फार होत नाही. बायांबरोबर त्यांची तान्ही लेकरे झाडाला झोळी बांधून असतात, हे तरी आठवावे.

बाकीची कामे गावाची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाईल ॲप काढले आहे. आपल्या आसपास २०-४० किलोमीटरवर विजा पडत असतील तर ते इशारा देते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्लाही येत असतो. पण फोन पोराच्या खिशात नि पोरगा तालुक्याला, खुरपणारी माय रानात. तिला इशारा कोण देणार? प्रत्येक गावात दोन माणसे नेमा. इशारा आला की देवळाच्या, मशिदीच्या, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा. भोंगा निवडणुकीत चालतो, तर यालाही चालेल.

शाळेवर वीजरोधक बसवून घ्या. २८ जून २०११ रोजी आफ्रिकेतल्या युगांडा देशात एका शाळेवर वीज पडली आणि १८ मुले व एक शिक्षक गेले. त्यानंतर तिथे शाळांवर वीजरोधक बसवायचे काम सुरू झाले. आपल्याकडे त्याआधी सुरू व्हावे. एक मात्र ध्यानात ठेवा: वीजरोधक ज्या इमारतीवर आहे तिला वाचवतो, गावभर छत्र धरत नाही. तसे सांगणारा विक्रेता आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि जमिनीत जाणारी पट्टी तुटली किंवा चोरीला गेली तर वरची सळई निरुपयोगी. दर मे महिन्यात ती तपासा.

अमेरिकेत १९४० च्या दशकात वर्षाला तीनशे-चारशे माणसे विजेने मरत. आता वीस-तीसच्या आसपास मरतात. तिथल्या विजा कमी झाल्या नाहीत. लोक पक्क्या घरांत आले, रानात राबणारी माणसे कमी झाली, ट्रॅक्टरला टप आले आणि शाळेत पोरांना हे शिकवले गेले. पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागतो, त्यासाठी आपली लढाई चालू आहे. चौथीला पैसा लागत नाही.

लेकरांनो, म्हणून तुम्हाला पुढे बसवले. शेळ्यांमागे तुम्ही जाता, शाळेच्या वाटेवर तुम्ही असता. शेळ्या राहिल्या तर राहू द्या, त्यांच्यासाठी माघारी फिरू नका. कोणी रागावले तर संघटनेच्या माणसाचे नाव सांगा. घरी गेल्यावर आजा-आजीला मोजणी शिकवा: तीन सेकंदांना एक किलोमीटर. आणि मोठ्यांनी पुढच्या बैठकीला येताना तीन गोष्टी लिहून आणायच्या आहेत: गावात इशारा देणारी दोन माणसे कोण, कोणत्या शिवाराला पक्का निवारा कुठे, आणि शाळेवरची पट्टी जमिनीपर्यंत शाबूत आहे का. मृगाला दिवस थोडे उरले आहेत. कामाला लागू या.